बेसची जागा

थांबा. दम घेऊ द्या आधी.

हां.

अंकिता, तुझ्या गच्चीवर यायचं म्हणजे पायांची परीक्षाच हाय बघ. हसू नको, पाणी दे. आणि ऋत्या, तू तो मोबाईल खाली ठेव. मी पहिल्यापासून सांगणार हाय. मधेच "मग चाचानं खोली दिली का" विचारलंस तर उठून जाईन.

"पण दिली का बे?"

बघ. हेच म्हणत होते.

तर खोली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत नबीलाल चाचाचा कारखाना हाय ना, त्याच्या मागची. आधी तितं चादरी विणायचे दोन लूम होते. ते भंगारात गेले, पण फरशीतनं त्यांचे बोल्ट अजून वर आलेत, न बघता चाललं की ठेच लागती. शहाबादी फरशी, वर पत्रा, एक खिडकी. मला तितं ऐकायची खोली करायची हाय. म्हणजे लोकांनी यायचं, बसायचं आणि गप ऐकायचं. रील न्हाय, सेल्फी न्हाय. पोरींनी पण यायचं, ज्यांना घरात "आवाज कमी कर" सोडून दुसरं काय ऐकू येत न्हाय.

भिंतींना आमी चादरी लावल्या. मोकळ्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो, जाड चादर तो पिऊन टाकती. सगळ्या बाद झालेल्या चादरी, विणताना कुटंतरी चुकलेल्या. एकीवर तर सगळ्या मोरांच्या माना मधेच तुटलेल्या. चाचा म्हणले, ने, फुकट.

मग माझ्या भावानं, ताबीशभाईनं, ते स्पीकर आणले, पुण्याच्या एका म्हाताऱ्याकडनं. इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणतात त्याला. ऋत्या, तू बघितले न्हाईत म्हणून सांगते. दाराएवढे उंच आणि आरपार दिसतात. आत डबा न्हाय, काय न्हाय. दोन जाळ्यांच्या मधे एक फिल्म ताणलेली, भाकरीच्या पापुद्र्याहून पातळ, ती विजेवर हलती. गाणाऱ्या बाईनं ओठ ओले केले तरी ऐकू येतं. शपथ. पण एवढी पातळ फिल्म हवा किती ढकलणार? बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, येत न्हाय. ढोलकी लावली की वाजवणाऱ्याची बोटं ऐकू येतात, ढोलकी न्हाय.

आणि चाचाला तर ती बोटं पण ऐकू येत न्हाईत. आख्खं आयुष्य लूममधे गेलं त्यांचं, कानातला वरचा सगळा आवाज लूमनं खाल्ला. पहिल्यांदा येऊन बसले, मी गाणं लावलं. डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, आवडलं. मग एक डोळा उघडून म्हणले, "बेटा, लाव की."

चालूच होतं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. टॉवेल पॅकिंगवाला एकजण त्या खोलीच्या मागं लागलाय. "रविवारी दुपारी परत येऊन बसतो. मला छातीत आलं तर खोली तुझी. न्हाय आलं तर टॉवेल."

म्हणून सबवूफर पायजे होता. खालचा आवाज देणारा.

जयंतीला डॉल्बी लावतो तो आपला मल्लिनाथ म्हणला, "माझ्यातला एक घेऊन जा की. अठरा इंची. चाचाची कवळी पडंल." आणला. कवळी ऱ्हायली बाजूला, पत्राच पडला असता. पण खरी गोची वेगळीच. ते जाळीचं उंच पॅनेल बोलून गप झालं की मग हा उठायचा. पंगत उठल्यावर आलेला पाव्हणा. परत दिला. दुसरा होम थिएटरचा, त्याला एकच शब्द येत होता, ढुम. काय पण लावा, ढुम. तिसरा मग भाईनंच बनवला. बारा इंची, चारी बाजूनं बंद डब्यात, कुटं भोक न्हाय. दांडगा न्हाय, पण लई चपळ. फिल्म थांबली की हा थांबला. भाई हात झटकत म्हणला, "हाच. आता नुसती जागा बघायची."

जागेची एक गंमत हाय. बेस खोलीत सगळीकडं सारखा नसतो. कुटं साचतो, कुटं गायबच. मग काय करायचं, डबा खुर्चीवर ठेवायचा, जितं ऐकणारा बसणार तितं. आणि आपण फरशीवर रांगायचं, कान खाली लावून. जितं बेस भरून लागंल तितं खूण करायची आणि डबा उचलून तितं ठेवायचा. वाजणारा आणि ऐकणारा, दोघांनी जागा बदलल्या तरी हिशोब तोच राहतो. हे ध्यानात ठेवा.

थांबा जरा.

हां.

तर मी रांगले. ओढणी कमरेला बांधून, हातात खडू. भाई म्हणला, "आमची आयत पण आता चालायला लागली, तू मागं चाललीस." पोरीचं कौतुक सांगायला त्याला कारण लागत न्हाय. मागच्या भिंतीपाशी, बोल्टांच्या मधे, बेस असा भरून आला की फरशीची थरथर गालाला लागत होती. फुली मारली, डबा ठेवला, खुर्चीत बसले. पहिल्यांदा ढोलकीला पोट आलं. आमी दोघं येड्यासारखं हसत होतो.

दुसऱ्या दिवशी बेस न्हाय.

डबा तितंच, वायर तीच, गाणं तेच. परत डबा खुर्चीवर, परत मी खाली. भिंतीपाशी कायच न्हाय, एक फरशी पुढं सगळं. भाई म्हणला, "एखादी चादर हलली असंल." एक पण हलली नव्हती. फुली मारली, डबा ठेवला, मस्त वाजला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तितं पण न्हाय. अजून पुढं.

चाचा यायला दोन दिवस असताना आमी उभं राहून खाली बघितलं. फुल्या एका रेषेत होत्या. भिंतीपासनं खुर्चीकडं.

"चालत येतंय की," भाई हसत म्हणला. मग त्यानं ती रेष परत बघितली, आणि हसला न्हाय.

शनिवारी वीजवाल्यांचं काम निघालं. आख्ख्या एमआयडीसीची लाईट बंद, सगळे लूम बंद. सोलापुरात लूम गप झाले की कसं होतं, तुमाला माहीत हाय. कान दुखतात. आमी नुसतं झाडून घ्यायला गेलो होतो. डबा आदल्या दिवशीचा खुर्चीवरच होता. खिडकीतनं ऊन आलेलं, उन्हात रुई उडत होती. तितं हवेत रुई असतीच, लूमशेजारी.

पण ती खाली पडत नव्हती. डब्याकडं जायची. थांबायची. परत यायची.

जायची. थांबायची. यायची.

भाईनं डब्याच्या मागं हात घातला. वायर काढलेली होती. पुढून बघितलं, तर मधली ती काळी ताटली, जिला कोन म्हणतात, ती आत जात होती आणि बाहेर येत होती. सावकाश.

"स्पीकर हा उलटा माईक पण असतो," भाई म्हणला. मास्तरासारखं बोलत होता. "खोलीत काय हललं की कोन पण हलतो."

"मग काय हलतंय?"

तो फुल्यांकडं बघत राहिला. मग म्हणला, "अर्शी, जागा बदलल्या तरी हिशोब तोच, व्हय ना?"

"व्हय."

"मग रांगताना तू ऐकत होतीस, का खुर्चीतनं कोण तुला ऐकत होतं?"

खरं सांगते, भ्याले मी. पण त्यानं पुढं जे केलं त्याचा मला जास्त राग आला. त्यानं डब्याचा अॅम्प्लिफायर उचलला आणि काखेत मारला. "देऊन टाक खोली. टॉवेलला कान नसतात." आणि गेला घेऊन. त्याच्याशिवाय डबा म्हणजे नुसतं लाकूड. त्याला वाटलं, आता ही गप बसंल.

मी गप बसणार व्हय? आमच्या घरात मी कुटं पण बसायला गेले की आधीच कुणीतरी बसलेलं असतं. भाई असतो, पाव्हणे असतात. आता जे दिसत पण न्हाय त्याच्यासाठी उठू? डबा मी एकटीनं खाली उतरवला. भिंतीकडं तोंड करून ठेवला, शिक्षा केल्यासारखा. आणि ठरवलं, चाचाला नुसती पॅनेल ऐकवायची, आणि बेससाठी अजून थोडे दिवस मागायचे. पाया पडायची न्हाय. मागायचे.

थांबा.

हां.

आज दुपारी चाचा आले. लाईट होती, बाजूचे लूम चालू होते. टोपी मांडीवर ठेवून खुर्चीत बसले. मी ढोलकी लावली. मला ऐकू येत होती ती नुसती बोटं. टिक टिक टिक. मनात म्हणलं, आता म्हणतील, लाव की.

चाचानं डोळे मिटले.

मग त्यांचा हात वर आला आणि छातीवर बसला.

"आलं," चाचा म्हणले.

मी डब्याकडं बघितलं. तोंड भिंतीकडं. वायर न्हाय.

"लई दिवसांनी, बेटा." डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. "बास. खोली तुझी. आता बंद कर."

मी बंद केलं.

चाचा तसेच बसलेले. "बंद कर म्हणलं ना."

"केलंय, चाचा."

त्यांनी छातीवरच्या हाताकडं बघितलं. हात वर-खाली होत होता. मग म्हणले, "असू दे. माझंच असंल," आणि उठले. किल्ली माझ्या हातात दिली. दारात चपला घालताना मागं न बघता म्हणले, "त्या खुर्चीवर ऊन येतं का गं? बसलो तेव्हा गरम होती."

खिडकी दुसऱ्या भिंतीला हाय, खुर्चीपर्यंत ऊन पोचतच न्हाय.

ते गेले. मी दार लावलं आणि त्याच खुर्चीत जाऊन बसले. व्हय, मुद्दाम. डबा ओढून माझ्याकडं वळवला. कोन आत, कोन बाहेर. मी मोठ्यानं म्हणलं, "खोली माझी हाय. चाचानं दिली. ऐकायचं असंल तर गप ऐक, आणि बाकीच्यांसारखं मागं बस."

कोन थांबला.

मला हसूच आलं. म्हणलं, ऐकलं की.

मग कळलं. मी बोलून झाल्यावर श्वास रोखून धरला होता. म्हणून तो थांबलेला.

बरं, म्हणलं. बघू कोण आधी. धरला. छाती फुटायला आली, डोळ्यापुढं काळं झालं, तरी धरला.

तो आधी हलला.

मगच मला श्वास आला. त्याच्या आधी न्हाय. मी हार मानून सोडायला बघितलं होतं, खोटं कशाला बोलू. आला न्हाय.

अशी तोंडं करू नका दोघं. मी खोली सोडणार न्हाय. कुलूप लावून आले, ही बघा किल्ली. पुढच्या रविवारी उघडणार. भाई अॅम्प्लिफायर परत देऊ दे न्हायतर न देऊ दे, लागत न्हाय मला. ती खुर्ची पण माझीच. चादरी माझ्या, फुल्या माझ्या, आणि तितं कोण असंल त्यानं माझं गाणं ऐकायचं. मी त्याचं न्हाय.

"अर्शे, तू बसून अर्धा तास झाला. अजून दम लागतोय तुला. पाणी पी."

जिन्यानं न्हाय लागत गं, अंकिता.

थांबा.

हां. आला.

पण माझा श्वास थांबला की तुमचा दोघांचा कशाला थांबतोय?