कार्डांवरच्या चौघी

उत्तरा दार उघडून आत आली, तर दिवाणखान्यात चर्चचे पाळकसाहेब बाह्या सावरून उभे, सोफ्यावर महिला मंडळाच्या दोन बाया डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटलेल्या, आणि तिची आई, सोनूबाई, हातात तिचीच चार कार्डं घट्ट धरून रडत होती!

“सलाम, उत्तरा. बस,” पाळकसाहेब म्हणाले. “भिऊ नकोस.”

भिऊ नकोस असं कुणी म्हटलं की भ्यायचं काहीतरी नक्की असतं, एवढं तिला त्रेचाळीस वर्षांत कळलं होतं.

“आई, माझ्या कपाटात हात घातलास?”

“घातला! काय लिहिलंयस हे? ‘माझ्यात चौघी राहतात’... नावं काय, वयं काय!” सोनूबाईंचा आवाज फाटला. “बायबलात कबरींत राहायचा ना तो माणूस, ज्याच्यातली भुतं प्रभूने डुकरांत घातली... तसं झालं गं माझ्या लेकीचं!”

“आई, मुलुंडात डुकरं कुठून आणायची आता?” दाराला टेकलेला धाकटा भाऊ देवदत्त म्हणाला. एका बाईने एकच डोळा उघडून त्याला दटावलं आणि तो पुन्हा मिटून घेतला.

कार्डं मात्र खरी होती. वर्षभर झोप उडाली म्हणून उत्तरा ऋताताईंकडे जाऊ लागली होती. ऋताताई समुपदेशक, आणि प्रार्थना करणाऱ्या. त्या म्हणायच्या, माणसाच्या आत अनेक भाग असतात. कुणी घर सांभाळतो, कुणी भांडतो, कुणी लहानपणी दुखावून तिथेच थांबलेला असतो. कुणाला हाकलायचं नाही. ऐकायचं, आणि प्रभूला त्याच्याजवळ बसू द्यायचं. उत्तरा वीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात. ऐकलेलं डोक्यात राहीना, म्हणून सवयीने प्रत्येकीचं एकेक कार्ड करून टाकलं. पहिली ‘शहाणी’: हिने वडिलांच्या पक्षाघातात नऊ वर्षं त्यांचं अंथरूण सांभाळलं आणि चालून आलेली दोन स्थळं हसतहसत परत पाठवली. दुसरी ‘रागीट’. तिसरी ‘टवाळ’: भर उपासनेत कुणाची साडी या महिन्यात कितव्यांदा नेसली गेली, हे मोजणारी. आणि चौथी ‘लहानी’. वय अकरा. पत्र्याची पेटी. नगर.

देवदत्त जन्मला तोच हृदयाला भोक घेऊन. घाटकोपरची एक खोली, सतत इस्पितळाच्या खेपा... सहा महिन्यांसाठी म्हणून उत्तराला नगरच्या मिशनच्या वसतिगृहात ठेवलं, आणि सहा महिन्यांची सहा वर्षं झाली! त्या दिवशी आई फाटकातून निघाली ती मागे न बघता. पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, ‘माझी बाई शहाणी, कधी रडत नाही.’ लहानीला काय हवंय, असं ऋताताईंनी विचारलं, तेव्हा उत्तराच्या तोंडून निघालं होतं, आईने एकदा वळून बघावं... बस्स, एवढंच. पण बत्तीस वर्षांनंतर हे मागायचं कुणाकडे, आणि कोणत्या तोंडाने?

“गुडघे टेक, बाळ,” पाळकसाहेब म्हणाले.

तिने टेकले. का टेकले, तिलाच उमगेना. शहाणी म्हणत होती, पाहुण्यांसमोर तमाशा नको. रागीट म्हणत होती, ऊठ आणि कार्डं हिसकावून घे. टवाळ सांगत होती, साहेबांच्या मोज्याला भोक आहे. अंतःकरणात असा कल्लोळ की प्रभूला हाक मारावी तर ती नेमकी कुणी मारायची! आणि कोण जाणे... हे म्हणतात तसंच असेल तर? खरंच आपल्यात काही शिरलं असेल तर?

पाळकसाहेबांचा जड हात डोक्यावर आला. “प्रभूच्या नावाने विचारतो! कोण आहेस तू? बोल!”

उत्तरा त्या मोज्याच्या भोकाकडे बघत राहिली.

“बोल! आणि या मुलीला सोडून बाहेर नीघ!”

बाहेर नीघ... ते शब्द कानी पडताच तिच्या तोंडून एक बारीक, थरथरता आवाज आला.

“मी बाळाला उचलणार नाही, आई... हात पण लावणार नाही. कोपऱ्यात झोपेन. मला घरी घेऊन चल ना...”

बायांनी प्रार्थनेचा सूर चढवला, साहेबांनी हात घट्ट दाबला. “नीघ म्हणतो ना!”

“थांबा!”

सोनूबाईंनी पाळकसाहेबांचा हात लेकीच्या डोक्यावरून अक्षरशः उपटून काढला. गुडघेदुखी विसरून त्या मटकन खाली बसल्या.

“साहेब, तिला हाकलू नका! भूत नाही ते... माझी आहे ती! फाटकात हेच म्हणाली होती, शब्दन् शब्द हेच! मी ऐकलं होतं... ऐकून चालत राहिले!”

देवदत्तचं हसू केव्हाच मावळलं होतं. “म्हणजे... माझ्यामुळे?”

“तू गप रे. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे.” सोनूबाईंनी उत्तराचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “मागे वळले असते तर तुला घेऊनच आले असते गं... आणि घरात हा निळा पडत होता. दोन लेकरं मला उचलता आली नाहीत, म्हणून शहाणं होतं ते खाली ठेवलं! चुकले मी, बाई... आणि मग तुला शहाणीच म्हणत राहिले, म्हणजे तू तक्रार करायची नाहीस!”

“सहा महिने म्हणाली होतीस!” उत्तरा किंचाळली. हा आवाज बारीक नव्हता. “प्रत्येक सुट्टीत मी पेटी भरून बसायचे! प्रत्येक सुट्टीत!”

“बोल... अजून बोल.”

सोफ्यावरच्या बाईने हळूच विचारलं, “साहेब, आमेन म्हणायचं का?”

“इतक्यात नको,” पाळकसाहेब म्हणाले, आणि बाह्या खाली सोडून जमिनीवरच बसले.

उत्तरा रडत होती. मधेच हसू फुटत होतं, मधेच आईला ढकलून द्यावंसं वाटत होतं, आणि हात मात्र आईच्या पदराला गच्च धरून होते.

“आता कोण गं ही, रडतेय ती?” सोनूबाईंनी भीतभीत विचारलं. “चौघींतली कुठली?”

“माहीत नाही, आई... खरंच कळत नाहीये!”

“असू दे,” सोनूबाई तिला ओढून घेत म्हणाल्या. “जी असशील ती ये.”