लिफ्टवाल्याचा एकटा राजा

चष्म्याच्या दुकानात मी लोकांचे डोळे तपासते. म्हणजे दिवसभर अनोळखी माणसांच्या डोळ्यांत बघण्याचा मला पगार मिळतो. तरी त्या रविवारी बुद्धिबळाच्या क्लबात चिठ्ठी निघून जो समोर येऊन बसला, त्याच्या डोळ्यांत बघताना माझी दुसरीच चाल चुकली...

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. नवव्या चालीत त्याचा वजीर गेला. तासाभरात सगळंच गेलं. त्याचा एकटा राजा उरला. माझ्याकडे राजा आणि हत्ती.

मी हत्तीने शह दिला. राजा सरकला. पुन्हा शह, पुन्हा सरकला. एवढ्या वेळात माणसं बागेत फिरून ओळख वाढवतात.

"पन्नास चाली झाल्या," तो हळूच म्हणाला. "मात नाही... म्हणजे नियमाने बरोबरी."

"मला मात करता येत नाही. पुस्तकातली शेवटची चार प्रकरणं वाचायची राहिलीत."

"माझी पहिली चार."

"मग सुरुवात कशी करता?"

"करत नाही. समोरचा करतो, मी उरतो."

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी तो दुकानात शिकवायला येऊ लागला. काउंटरवर पट, कडेला फ्रेमा.

"तुमचा राजा का हलत नाही?"

"राजा आहे तो. जपायला नको?"

"सुरुवातीला जपायचा. शेवटी त्यालाच चालावं लागतं. एकटा हत्ती नुसता हाकलत राहतो. राजाने जवळ यायला हवं... समोरासमोर. मध्ये एक घर सोडून."

"एक घर कशाला?"

"त्याहून जवळ येता येत नाही." त्याचे कान लाल झाले होते. "नियम आहे."

"राजांना," मी म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

मग क्लबच्या संघात एक जागा रिकामी झाली. ती मिळवायला निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत मला जिंकायलाच हवं होतं — बरोबरी चालणार नव्हती. समोर आला लिफ्टवाला. पंच माझे मामा, जे नियमापुढे सख्ख्या बहिणीलाही ओळख दाखवत नाहीत.

पुन्हा त्याचा वजीर लवकर गेला. पुन्हा त्याचा एकटा राजा, माझा राजा आणि हत्ती. पण या वेळी माझा राजा चालला. एकेक घर करत त्याच्या राजाला मी पटाच्या कडेला नेलं. मात व्हायला माझी एकच चाल उरली होती. त्याने राजा सरकवला, माझ्याकडे बघितलं...

"लग्न करशील माझ्याशी?" म्हणाला आणि घड्याळ दाबलं.

माझी वेळ सुरू झाली. तीन मिनिटं.

"आत्ता?"

"तू जिंकलीस की गुरुवार संपतात."

मामा आले. "काय बोलणं चाललंय?"

"यांनी लग्नाचं विचारलंय."

मामांनी चष्मा वर केला. "पटावर विचारलंय, तर पटाचे नियम. होकार असेल तर हात मिळव, डाव बरोबरीत. चाल केलीस तर विचारलेलं रद्द."

"मामा, लग्न आहे ते."

"म्हणूनच सांगतोय, दीड मिनिट राहिलंय."

मी हत्ती उचलला, शेवटच्या रांगेत ठेवला. मात. आयुष्यातली पहिली. त्याचा चेहरा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसासारखा झाला.

"रद्द," मामा म्हणाले. "आणि डाव संपल्यावर त्याला पुन्हा विचारता येणार नाही."

"त्याला ना?" मी त्याच्याकडे वळले. "मग मी विचारते. करशील लग्न?"

मामांनी नियमांचं पुस्तक काढून पानं चाळली. काही सापडेना. लिफ्टवाला पटावर वाकून एकेक घर बघू लागला. शेजारचे दोन डाव संपले.

"हो," तो शेवटी म्हणाला. "यातून कुठे सुटका आहे का, ते बघत होतो. नाहीये."

"मुद्दाम हरलास?"

"वजीर खरंच गेला गं."

त्याने हात पुढे केला, मी धरला. मामांनी निकालाचा कागद सरकवला. सही हवी होती, पण उजवा हात दोघांपैकी कोणीच सोडेना. शेवटी मी डाव्या हाताने केली. बँकेत चालली नसती. मामांनी पुन्हा पुस्तक उघडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं, आणि चालवून घेतली.