मामाची पोरगी आणि डावं चाक

कुंदन आमच्या दारात पहिल्यांदा आला तो पाणी मागायला. मी तांब्या घेऊन समोर उभी, आणि हा बघतोय माझ्या खांद्यावरून मागे, गोठ्याकडे. गोठ्यात आबांची जुनी जीप होती. कितीतरी वर्षं जागची हललेली नव्हती. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. पण ती बघून त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद... खरं सांगते, त्या भंगाराचा मला तेव्हाच राग आला.

"आबा, हाई गाडी चालू व्हई," तो माझ्या वडिलांना म्हणाला.

"कानबाईना पयले व्हई का?" आबांचं तेवढंच म्हणणं. कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद गावी येतात, त्यांना अमळनेर स्टेशनवरून आपल्याच गाडीतून आणायचं.

"व्हई. पन बठ्ठं जाम शे. येळ लागी."

सगळंच जाम आहे, वेळ लागणार, हे ऐकून मात्र मला बरं वाटलं.

अमळनेरला त्याचं छोटं गॅरेज होतं. तिथलं काम उरकून तो संध्याकाळी यायचा, गंजलेले नट तारेच्या ब्रशने घासायचा, त्यांवर डिझेल सोडायचा आणि ते आत मुरायची वाट बघत बसायचा. बसलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो. तो मीच द्यायची.

"सरळ जोर का नाही लावत?" मी एकदा विचारलं.

"जोर लावला की तुटतो. आधी थोडा आवळायचा, मग हळूच सोडायचा."

"माणसांशीही असंच वागता का?"

"माणसं कुठे इतका वेळ देतात..." तो म्हणाला, आणि कप परत देताना त्याचं तेलकट बोट माझ्या बोटाला लागलं. तो काळा डाग मी लगेच धुतला नाही.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव — मेघा.

"मामाची पोरगी," तो म्हणाला. "मामाचं धुळ्याला स्पेअर पार्टचं दुकान आहे ना, तीच सांभाळते."

मामाची पोरगी. आमच्याकडे याचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही. भाचा तोंडाने नाही म्हणत नाही, तोवर ती त्याचीच धरलेली असते. आणि कुंदन नाही म्हणाला असल्याचं काही मला दिसत नव्हतं. काही लागलं की निघाला धुळ्याला. एकदा येताना तिने दिलेला चिवडा घेऊन आला. चिवडा चांगला होता. मी तो कोंबडीला घातला.

उजव्या बाजूची चाकं सुटली त्या दिवशी तो डाव्या बाजूचं काहीतरी समजावून सांगत होता. मी कुठे ऐकते? बॉनेटवरचा मोबाइल पुन्हा वाजत होता आणि पुन्हा तेच नाव. तो फोन घेऊन निंबाखाली गेला आणि मोठ्याने हसला. माझ्यासमोर तो कधीच तसा हसला नव्हता. माझं डोकंच फिरलं. चाकाचा पाना उचलला, डावीकडच्या नटाला लावला, पान्यात लांब पाइप घातला आणि त्यावर उभीच राहिले.

कट्ट!

तो धावत आला. "डाव्या बाजूला उलटे आटे असतात या गाडीला. आत्ताच सांगितलं ना? सोडायला गेलात आणि आवळून तोडलात."

"ऐकलं नाही मी."

"मग काय ऐकत होतात?"

ते कसं सांगणार... "आता काय करायचं?"

"नट बसतो तो बोल्टच तुटला. नवा स्टड आणावा लागेल. धुळ्याहून."

झालं! मी माझ्याच हाताने त्याला तिच्याकडे पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी कपाशी निंदायला गेले आणि तणाबरोबर चांगली रोपंही उपटली. आता पोचला असेल. आता ती चहा मागवत असेल. आता ती हसत असेल, आणि हाही...

संध्याकाळी भुरभुर पावसात तो आला. हात रिकामे.

"स्टड?"

"मामाने दिला नाही."

"संपले होते?"

"डबाभर होते. मामा म्हणाला, साखरपुड्याची तारीख सांग आणि घेऊन जा."

"मेघा काय म्हणाली?" मला आधी हेच सुचलं.

"म्हणाली, कुंदन, एकदाचं खरं सांगून टाक त्यांना." तो मडगार्डला टेकला. "टाकलं सांगून, मेघाशी लग्न करायचं नाही म्हणून. आता त्या दुकानात मला कुणी उभं करायचं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोहिनी, काल इतका जोर कशाला लावलास?"

"राग आला होता. तिचा." आता लपवून काय उपयोग होता? "फोनवर हसतोस तसा माझ्यासमोर हसत जा. दुसऱ्या कुणाबरोबर हसलास की मला नाही सहन होत."

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. गोठ्याच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याने माझा हात धरला. या वेळी चुकून नाही.

"आबांशी बोलू?"

"बोल ना... पण स्टडचं काय?"

"पाचोऱ्याला एक दुकान आहे. उद्या आणतो."

"मीपण येते."

"कशाला? तिथे तोताराम नाना असतात. साठी उलटलीय त्यांची."

"नानांना पोरगी असेल ना," मी म्हणाले.