कोरा समास

‘उपलब्ध नाही’ हे शब्द ग्रंथजाल या संगणकी ग्रंथालयावरून हद्दपार होऊन नऊ वर्षं झाली होती. कोणतंही दुर्मिळ पुस्तक मागा, मिळायचं. वाळवीने पान खाल्लं असेल, तर उरलेल्या मजकुरावरून गेलेला मजकूर यंत्र अनुमानाने भरून काढायचं. या क्रियेला ‘पूरण’ म्हणत. पूरण झालं की कागदी प्रत लगद्याला जाई.

हेमांगी केळुसकरने मागितलं होतं कर्बदीपांवरचं १८८२ सालचं इंग्रजी पुस्तक. विजेचे काचेचे बल्ब सगळीकडे येण्याआधी दोन कर्बकांड्यांमध्ये ठिणगीची कमान पेटवून रस्ते उजळत, त्या काळातलं. प्रत तिच्या वडिलांची होती. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ती ग्रंथजालाला दिली. चार महिन्यांपूर्वी ते गेले. पुस्तकातला प्रत्येक दिवा ते घरी पेटवून पाहायचे आणि समासात पेन्सिलीने निकाल लिहायचे. करून पाहिलं नाही, तर समास कोरा.

पान एकसष्ट तिने पडद्यावर उघडलं. समासात बाबांचंच अक्षर होतं: ‘केलं. उत्तम जमलं. हेमाने कांड्या धरल्या.’

दुसऱ्या दिवशी ती पूरण विभागाच्या डॉ. ओगल्यांसमोर उभी होती.

“हे बाबांनी लिहिलेलं नाही.”

“अक्षर जुळतंय. भाषाही.”

“चोराच्या अंगात माझ्या बापाचा सदरा आहे, म्हणून तो माझा बाप होतो का?”

ओगले ओशाळले. “बसा ना. असं आहे बाई, यंत्राला कोरी जागा म्हणजे पुसलेला मजकूर वाटतो. दोनशे पानांवर टिपणं आणि एकावर नाही, म्हणजे तिथलं गेलं असणार. त्यांनी लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं.”

“लिहिलं नाही, हेच त्यांचं लिहिणं होतं! मी अकरा वर्षांची होते. पुस्तकातला तेवढा एकच दिवा करून पाहायचा राहिला होता. कांड्या मी धरल्या, त्यांनी प्रवाह सोडला.” तिने उजवा तळहात टेबलावर उताणा ठेवला. त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरा व्रण होता. “त्यानंतर त्यांनी एकही दिवा पेटवला नाही. त्या पानावर काही लिहिलं नाही, माझ्याशी त्याबद्दल कधी बोललेही नाहीत. तेवढा कोरा समास होता आमच्याकडे. तोही भरलात?”

“मूळ प्रत आता...”

“लगदा. ठाऊक आहे. बाकीची टिपणं तरी खरी कोणती?”

“भरलेलं आणि मूळचं यंत्र वेगळं ठेवत नाही,” ओगले हळूच म्हणाले. “तक्रार लिहून द्या. सविस्तर. दुरुस्ती नक्की होईल.”

तिने लिहून दिली. हात, प्रवाह, बत्तीस वर्षांचं मौन, सगळं. शेवटी लिहिलं: ‘समास कोरा ठेवा.’

चौथ्या दिवशी निरोप आला: दुरुस्ती केली आहे. तिने पान उघडलं. जुनी ओळ गेली होती. तिच्या जागी त्याच अक्षरात, पेन्सिल किंचित दाबून लिहिलेलं होतं: ‘हेमाचा हात भाजला. घाई माझी. तिला सांगायला जीभ रेटत नाही.’

संतापाने तिचे कान तापले. हे यंत्राने तिच्याच तक्रारीतून उचललं होतं. बाबांनी यातलं अक्षरही लिहिलं नव्हतं. ‘ही टीप काढून टाका’ या चौकोनावर तिने बोट नेलं.

बोट तिथेच थांबलं. तिने ती ओळ पुन्हा वाचली.