जुन्या वॉर्डातला म्होरक्या

पंचशीलेनं दुपारी डबा सोडला आणि दवाखान्याचं नेटवर्क पुन्हा बसलं. नांदेडच्या त्या खाजगी दवाखान्यात आठवडाभर हेच चाललेलं. लॅबचे रिपोर्ट वर पोचत नव्हते, नातेवाईक अंगावर येत होते. नवे मॅनेजर अमृतराव सकाळीच बोललेले, "मॅडम, आज सांजपर्यंत ठीक करा, न्हाईतर उद्यापासून येऊ नका."

आता हे स्विच, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी खोकी, त्यांचं कसं बघा, सगळे मिळून आपल्यातला एक म्होरक्या निवडतात. ज्याचा आकडा सगळ्यांत लहान, तो म्होरक्या. मग बाकीचे जादा वाटा बंद ठेवतात, नाहीतर माहिती घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत बसते. पंचशीलेनं मोठ्या स्विचला चार हजार शहाण्णव हा आकडा दिलेला. "याच्या खाली आकडाच न्हाई, पंचे," असं अंगद सरांनी शिकवलेलं. आधी दवाखान्याचं नेटवर्क तेच बघायचे, त्यांनीच तिला या कामात आणलं. जर्दा मळत रोज विचारायचे, डबा खाल्लास का? दिवाळीत नायगावच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं त्यांना. बिलोलीला मातीला ती गेली होती, पोटच्या लेकीवानी रडली होती.

आज मात्र स्क्रीनवर म्होरक्या दुसराच होता. मधूनच यायचा, मधूनच जायचा. त्याचा आकडा होता शून्य.

म्हणजे खाली आकडा होता तर! मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं राखून ठेवलं.

वायरचा माग काढत ती जुन्या, बंद वॉर्डाशी आली. झाडणाऱ्या बसम्मा मावशींनी किल्ली दिली, पण तिचा हात सोडेनात. "जाऊ नका बाई... आत कुणीतरी खाकरून राहिलंय."

भर दुपारी आत काळोख. फिनेलचा वास, आणि त्यात जर्द्याचा. छताची फळी सरकवली तर वर एक लहान स्विच लुकलुकत होता. वायरींना लाल सुतळीची गाठ मारलेली. ती गाठ सरांचीच.

तिला आता उमगलं. सर दवाखान्यावर रुसले की हा स्विच जोडायचे, नेटवर्क बसायचं. मग त्यांना बोलावणं जायचं, आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत! आणि ही वेडी त्यांना देव समजायची.

"सर, मला लेक म्हणायचात ना!" ती रडत ओरडली आणि विजेची वायर ओढली. वायर तशीच हातात आली. तिचं दुसरं टोक कुठंच लावलेलं नव्हतं. दिवे मात्र लुकलुकतच होते.

तिनं नेटवर्कची वायर हिसकली. दिवे विझले. तेवढ्यात फोन वाजला. अमृतराव खुशीत होते.

"चालू झालं की! तुमचे ते अंगद सर आलेत, इथंच बसलेत. म्हणतेत, पोरीला जमत न्हाई, शेवटी मलाच यावं लागलं. उद्यापासून तेच येतील, मॅडम. तुम्ही नका येऊ..."

अमृतरावांच्या मागून कुणीतरी काही पुटपुटलं.

"थांबा, त्यांना बोलायचंय."

फोन हातातून हातात गेला. कुणीतरी खाकरलं.

"पंचे... डबा खाल्लास का?"