हरणीवरची काच

हे मी स्वतः पाहिलेलं नाही. पण ज्याच्यावर गुदरलं तो चष्मेवाला माझा शेजारी, आणि थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. तेव्हा मध्ये बोलू नका. काय रे, आत्ताच पाय वर घेऊन बसलास? अजून सुरुवातही नाही!

सतरा नोव्हेंबर, सोमवार. आईचं घर रिकामं करायला तो एकटाच गेला होता. भांडी, कपडे देऊन झाले. राहिली भिंतीवरची तीन चित्रं. अस्वल, पाणमांजर, आणि पिल्लाला चाटणारी हरणी. वडील छापखान्यात होते. त्यांनी स्वतः मशीनवर छापून, फ्रेम करून आईला दिलेली. "माझ्यामागं ही तुझी हं," आई त्याला लहानपणापासून सांगायची.

दोन उतरवली. हरणीपाशी हात थबकला.

वर्षभर आई फोनवर एकच धोशा लावायची. "अरे, हरणीवरची काच धुरकटलीय. पिल्लू दिसेनासं झालंय."

"पूस की मग."

"पुसते रे. जातच नाही."

शेवटी त्यानं चष्मे पुसायच्या पाण्याची बाटली दुकानातून पाठवून दिली. "सुटलो एकदाचा," बायकोला म्हणाला. गावभराचे डोळे तपासणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. महिन्याभरापूर्वी आई स्टुलावर चढून ती काच पुसत होती. पडली. पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, "यांना कधीपासून दिसत नव्हतं?"

काच लखलखीत होती.

त्या रात्री अकरा चाळीसला त्यानं हरणी उतरवली. आईचं एवढं एक काम तरी करावं म्हणून. मागची कागदी पट्टी कापली, काच काढून धुतली, कोरडी केली, उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. डाग नाही. पुन्हा बसवून मागं नवी पट्टी डकवली. फ्रेम टेबलावर ठेवली. दिवा मालवला.

दोन वाजून दहा मिनिटं.

आवाज आला. काचेवर कापड फिरावं तसा. हळू. थांबून थांबून...

तो उठला नाही. उठवेना.

"आई?"

आवाज थांबला.

"आई, काच स्वच्छ होती गं... मीच बघितलं नाही..."



मग पुन्हा तोच आवाज. पण आता कापडाचा नव्हे. नुसत्या बोटांचा...

उशीत तोंड खुपसून तो उजाडेपर्यंत रडला.

सकाळी फ्रेम जागच्या जागी. मागची पट्टी शाबूत. पुढं काचेवर मात्र बोटांचे ठसे. हरणीवर नाहीत, पाठीमागच्या झाडावर नाहीत. फक्त पिल्लाभोवती. कानापासून पाठीवरून पायांपर्यंत, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तसे.

त्यानं बाहीनं पुसले. जाईनात. ओल्या फडक्यानं पुसले. तरी तसेच.

मग त्यानं फ्रेम खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली.

ठसे काचेच्या आतून होते.