गिरणीवाले बाबा

बाकीच्यांच्या प्रेमात पाऊस पडतो म्हणे. आमच्या प्रेमात पीठ पडलं. ज्वारीचं, आणि तेही जाडसर.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. अमळनेरला आमची पिठाची गिरणी होती. नाना, म्हणजे माझे वडील, वरच्या पेटीत दळण ओतायचे आणि मी खाली डब्यात पीठ धरायची. मी बी.ए. झाले होते, बाविसावं सरत आलं होतं आणि तोंड असं फटकळ होतं, की आलेली दोन्ही स्थळं अर्धा चहा टाकून निघून गेली होती.

त्या दिवशी सकाळी साडेसातला तो आला. हातात एवढासा डबा, त्यात शेरभर ज्वारी.

"गिरणी किती वेळ चालते?" त्यानं विचारलं.

"दळण असेपर्यंत."

"तसं नाही... म्हणजे मध्ये न थांबता पंधरा मिनिटं तरी चालेल ना?"

"तुम्हाला दळायचंय की गाडी गाठायचीय?"

तो हसला. हसला की त्याचे कान हलायचे. डबा रांगेत ठेवून तो कोपऱ्यातल्या गव्हाच्या पोत्यावर मांडी घालून बसला आणि त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. गिरणीच्या त्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि हा गृहस्थ झोपतो! त्याचं पीठ झालं तशी मी डब्यावर माप आपटलं. त्यानं एकच डोळा उघडला.

"अजून चार मिनिटं..." म्हणाला, आणि डोळा परत बंद.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तो पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. रोज शेरभर ज्वारी, रोज पंधरा मिनिटं, रोज उठताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. नाव सुकदेव. एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. लग्नपत्रिका, हँडबिलं, असलं काय काय. आईला एकुलता एक. ही सगळी माहिती मी काढली नव्हती, ती आपोआप कळत गेली. म्हणजे, थोडी मी विचारली होती.

पंधरा-वीस दिवसांनी त्याची आई आली. बेबाबाई. मला बाजूला घेऊन कानात म्हणाली, "माय, मना घर मा दोन पिंपं पीठ व्हई गयं. आम्ही खानारा दोन मानसं. त्याले सांग ना, दयन आनू नको म्हनीसन." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. वरून खाली, खालून वर. आणि एकदम गोड हसली. "ऱ्हाऊ दे. सांगू नको. येऊ दे त्याले."

झालं! गल्लीत सगळ्यांनाच कळलं, तो कोणासाठी येतो ते. नाना तर पेटीत दळण ओततानाही त्याच्याकडे कौतुकानं बघायला लागले. "पोऱ्या गरीब शे. मान वर करीसन बी पाहत नही," असं दोनदा मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. मीही वेणीत अबोली माळायला लागले. दहा मिनिटांत तिचा मोगरा व्हायचा, पण माळायची.

आणि हा? हा डोळे मिटून बसायचा. शेवटी एक दिवस मीच विचारलं.

"रोज कशाला येता हो?"

"आवाजासाठी," तो म्हणाला.

मी पदर सारखा केला. "माझ्या?"

"नाही... गिरणीच्या."

एखादीनं डबा डोक्यात घातला असता. मी फक्त हातातलं माप जोरात खाली ठेवलं. तो घाबरला आणि घाईघाईनं सगळं सांगून बसला.

तो पीत होता. सहा वर्षं. सुटून पाच महिने झाले होते. जळगावला दर रविवारी दारू सोडलेल्यांची सभा भरते, तिथं जायचा. तिथले नशिराबादचे वना आबा, स्वतः वीस वर्षं प्यायलेले. त्यांनी सांगितलं होतं, रोज एकाच वेळी, एकाच जागी पंधरा मिनिटं बस. प्रार्थना कर, मग नुसता गप्प राहा. एक दिवस चुकवू नको.

"मग घरी बसा की."

"घरी आई दर मिनिटाला नाकाशी हात धरते. श्वास चालू आहे का बघते."

"देवळात?"

"देवळाच्या पायऱ्यांवर जुने दोस्त पत्ते खेळतात."

"बोरी नदीच्या काठी?"

"काठीच तर गुत्ता आहे." तो खाली बघत राहिला. "आणि शांत जागी मला बसवत नाही. शांत झालं की बाटली बोलायला लागते. इथं गिरणीपुढं तिचं काही ऐकू येत नाही."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझी मोठी बहीण मंदाअक्का भडगावला दिली होती, तिचा नवरा प्यायचा. दर वेळी शपथ घ्यायचा, "मंदा, तुझ्यासाठी सोडली." पाच वेळा सोडली. अक्का उन्हाळ्यात यायची तेव्हा उकाड्यातसुद्धा लांब बाह्यांचं पोलकं घालायची. तेव्हाच मी ठरवलं होतं, बिनलग्नाची राहीन, पण दारुडा नको. आणि आता वेणीत अबोली!

"उद्यापासून दळण दुसऱ्या गिरणीत न्या," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. आणि नऊ मिनिटं राहिली होती म्हणून डोळे मिटून बसला.

दुसऱ्या दिवशी मी दाराकडे बघत नव्हते. सात पंचवीसपासून बघत नव्हते. साडेसातला तो दारात उभा.

"दुसरी गिरणी आठला उघडते," तो कसनुसा म्हणाला. "माझी वेळ साडेसातची आहे."

मी डबा घेतला. नानांना काही सांगितलं नाही. इथंच माझं चुकलं. किंवा इथूनच सगळं बरोबर सुरू झालं, कोण जाणे.

मग आल्या भिकुबाई. गल्लीतल्या लग्नाला परगावहून आलेल्या. दळण घेऊन दारात पाऊल टाकलं आणि समोर बघतात तर अंगभर पांढरा, मांडी घातलेला, डोळे मिटलेला तरणाताठा पुरुष.

"माय वं! भस्म लायेल बाबा!" म्हणत त्यांनी थेट पाय धरले.

सुकदेव दचकला. "माय, उठ. मी दारुड्या शे."

"बठ्ठा मोठा बाबा असंच म्हनतस!" भिकुबाईंचे डोळे भरून आले. "मना नातूले नोकरी लागी का, तेवढं सांग."

नातवाला त्याच आठवड्यात नोकरी लागली. त्याचा अर्ज चार महिन्यांपूर्वीचा होता, पण हे कोण ऐकतो? पुढच्या सोमवारी पोत्यासमोर तीन नारळ. बुधवारी उदबत्ती. बायका डबा आधी त्याच्या गुडघ्याला लावायच्या, मग रांगेत ठेवायच्या. पलीकडच्या पेठेतलं दळणही आमच्याकडे यायला लागलं. नाना खूश. होणारा जावई नुसता गरीब नाही, पावणारा निघाला!

गुरुवारी हार आला. झेंडूचा, चांगला बेंबीपर्यंत लोंबणारा. कोणीतरी तो त्याच्या गळ्यात घातला, तसा सुकदेव ताडकन उभा राहिला.

"ऐका!" तो ओरडला. कोणाला ऐकू जाणार? गिरणी जोरात चालू होती. बायकांनी हात जोडले. तो आणखी ओरडला. बायकांनी डोकं टेकलं. मग त्यानं छातीत हवा भरली आणि बेंबीच्या देठापासून आवाज काढला. नेमकी त्याच क्षणी वीज गेली.

"मी दारुडा आहे!"

गिरणी बंद. सगळ्या गल्लीत एकच आवाज. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं खिडकी उघडली.

भिकुबाई सगळ्यांत आधी सावरल्या. त्यांनी आपला नारळ उचलला आणि पदराखाली घेतला. नाना शिडीवरून खाली उतरले.

"तू दारू पेस?"

"प्यायचो, नाना. सहा महिने झाले, नाही प्यायलो."

नानांचा चेहरा मला आजही दिसतो. "एक जवाई दारुड्या भेटना, तेवढा पुरे शे माले. उद्यापासून मनी गिरनी मा पाय ठेवू नको." मग माझ्याकडे वळून, "तुले माहीत व्हतं?"

मी मान खाली घातली. तेवढ्यानं त्यांना कळलं.

त्यानं पाय ठेवला नाही. शुक्रवारी साडेसातला तो रस्त्यापलीकडच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसला. डोळे मिटून. रस्ता काही नानांचा नव्हता. पण गिरणी नानांची होती. त्यांनी खटका ओढला आणि गिरणी बंद केली.

"नाना, भाकरी कव्हय टाकू?" रांगेतल्या बाया ओरडल्या.

"पंधरा मिंटं थांबा. दगड तापना शे."

दगड नव्हता तापला, नाना तापले होते. इकडे माझा जीव टांगणीला. ती शांतता मला सोसवेना, त्याला कशी सोसवणार? बाटली बोलायला लागली असेल. ओट्यापासून बोरीचा काठ चालत पाच मिनिटं. सुकदेवनं डोळे उघडले. उभा राहिला. काठाच्या दिशेनं बघितलं. मी डब्याची कडी इतकी घट्ट धरली, की हाताला वळ उमटला.

तो परत बसला.

शनिवारीही तेच. रविवारीही. नाना खटका ओढायचे, बाया नानांचा उद्धार करायच्या, आणि तो बसायचा. सोमवारी तो एकदाही उठला नाही. मंगळवारी मला राहवलं नाही. हातातलं दळण तिथंच टाकून, पिठानं माखलेल्या हातांनी मी रस्ता ओलांडला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले. भर सकाळी, अख्ख्या गल्लीदेखत.

"त्या हाराला एवढं भ्यायचं काय होतं?" मी विचारलं. "झाकली मूठ राहिली असती."

"गेल्या आठवड्यात सोमवारी मी डोळे किलकिले करून नारळ किती आलेत ते पाहिलं," तो म्हणाला. "मला ते आवडायला लागलं होतं. छाती फुगली की मला तहान लागते, सुनंदा."

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली. पण हातातलं काम महत्त्वाचं होतं.

"हे बघा... नानांना एकच वाक्य सांगा. सुनंदासाठी सोडली म्हणा. ते वरून कडक आहेत, विरघळतील."

"पण तुझ्यासाठी नाही सोडली."

"अहो, म्हणायला काय जातं?"

"तू म्हणालीस ना, दळण दुसरीकडे न्या? तुझ्यासाठी सोडलेली असती, तर त्या दिवशी मी इथून उठून कुठं गेलो असतो?"

मला इतका राग आला! प्रेमाच्या माणसानं असं बोलायचं असतं? मी तरातरा उठले. दोन पावलं गेले... आणि थबकले. मला अक्का आठवली. दाजींनी पाचही वेळा तिच्यासाठीच सोडली होती. घरात भांडण झालं, की सोडण्याचं कारणच संपायचं.

वळून पाहिलं, तर मागं नाना उभे. कधी आले कोणास ठाऊक. सगळं ऐकलं होतं.

"उद्या सकाळी काय करशी?" त्यांनी सुकदेवला विचारलं.

"बसेन."

"पोर नही दिधी तं?"

"तरी बसेन, नाना."

"दिधी तं?"

"तरी बसेन."

नानांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले. "जवाईनी पाच येळा मना मंदानी शपथ लिधी," ते म्हणाले. "तुनी एक बी लिधी नही." आणि गिरणीकडे जाता जाता, मागं न बघता, "चहा टाकाले सांगस. दोन्ही जन घर मा या. रस्त्यावर तमाशा नको."

ते गेले. आम्ही दोघंच. समोर पंधरा बाया आपापल्या डब्यांवर बसून बघत होत्या, पण त्यांना मी धरत नाही.

"सुनंदा..." तो म्हणाला. "माझ्याशी लग्न करशील?"

"आधी सांगा, रोज देवाकडे काय मागता?"

"आजचा दिवस."

"एवढंच? फक्त आजचा?"

"जास्त मागितला की मला सांभाळता येत नाही."

जन्माची वचनं मी खूप ऐकली होती. एका दिवसाचं कोणी दिलं नव्हतं.

"मग आजच्यापुरतं हो," मी म्हणाले. "उद्याचं उद्या विचारा."

त्यानं दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं. पावणेआठला, डोळे उघडल्या उघडल्या. पुढं पत्रिका स्वतः जुळवत होता तेव्हाही रोज विचारत होता. लग्नात अंतरपाटापलीकडून हळूच विचारलं, तेव्हा मी इतक्या मोठ्यानं हो म्हणाले, की भटजी मंगलाष्टक विसरले.

आज सकाळीही विचारलं. कालपासून मी त्याच्याशी बोलत नव्हते, आणि चूक त्याचीच होती. तरी हो म्हणाले.